ताण कोणी द्यावा?

गेल्या माघातली गोष्ट. दारव्हा तालुक्यातील एका गावी हरिनाम सप्ताह चालला होता आणि सकाळच्या प्रवचनाची सेवा आमच्याकडे होती. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने वीणेपाशी एक भेदरे आणून ठेवले. टमाट्याला आपल्या वऱ्हाडातील जुनी माणसे भेदरेच म्हणतात. पण हे भेदरे काही नेहमीचे नव्हते. दुकानाच्या काट्यावर ते पाऊण किलो भरले होते. अंगावर भोपळ्यासारख्या फाका, बुडाशी शिवण घातल्यासारखा व्रण. मुलाने शहरातून कुठले तरी परदेशी बी आणून दिले. बापाने एका झाडावर एकच फळ राखले, बाकीची कळी खुडून टाकली, आणि घरच्या विहिरीचे पाणी रोज न चुकता दिले. सारा गाव ते पाहण्यास लोटला.

प्रसाद म्हणून ते चिरले. चव पाणचट लागली. त्याच शेतकऱ्याच्या बांधावर आपोआप उगवलेल्या, कधीमधी ओंजळभर पाणी मिळालेल्या झाडांची बोराएवढी भेदरे मात्र चांगली आंबटगोड होती. आम्हांला आयताच दृष्टांत सापडला. दुसऱ्या दिवशी प्रवचनात आम्ही मोठ्या थाटाने सांगितले, "पाहा माउली, सुखात वाढलेले फळ मोठे झाले पण फिके राहिले, ताणावर वाढलेले लहान राहिले पण गोड झाले. देव ज्याला आपला म्हणतो त्याला ताण देतो. म्हणून संकट आले की हसावे." लोकांनी माना डोलावल्या. टाळ वाजले. आम्हीही मनातून सुखावलो.

दुपारी मंडपाच्या कडेला एक वयस्कर बाई आल्या. गळ्यात तुळशीची माळ. पायांवर डोके ठेवून म्हणाल्या, "बुवा, मी अडानी हाय, पन एक पुसतो. माह्याही वावरात भेदरे होते. विहीर आटली, झाडं वाळले, फळं झाडावरच काळे पडले. थो तान कोनं देल्ला? अन् देल्ला तं मंग तोडाले कोनीच काऊन नाही आलं?"

आम्ही "देवाची इच्छा" असे काहीतरी पुटपुटलो. बाईंनी पुन्हा नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नुसत्या गेल्या, आणि प्रश्न आमच्यापाशी राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा उशिराचा प्रयत्न आहे. प्रवचनकाराने दृष्टांत द्यावा, पण ज्या वस्तूचा दृष्टांत द्यायचा ती आधी नीट पाहावी, हा धडा आम्ही या निमित्ताने शिकलो. अरणच्या सावतोबांना ज्या संप्रदायाने संत म्हणून वंदन केले, त्यात मळ्याचा आणि भाजीचा विषय कमीपणाचा खासच नाही. तेव्हा आधी भेदऱ्याचेच पाहू.

भेदऱ्याच्या फळात शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग नुसते पाणी असते. उरलेल्या पाच-सहा भागांत साखर, आंबटपणा, रंग, बी, साल असे सगळे. म्हणून या झाडाची कथा ही मुख्यतः पाण्याची कथा आहे. फळ मोठे व्हायचे तर पाण्यात एक दिवसाचाही खंड चालत नाही. परदेशात प्रचंड भेदरी पिकवण्याच्या चढाओढी चालतात. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात १९८६ साली ३.५१ किलोचे एक फळ निघाले आणि त्याची नोंद पुष्कळ वर्षे अजिंक्य राहिली. पुढे २०२२ साली मिनेसोटा राज्यात ४.८९६ किलोचे फळ निघाले. म्हणजे आमच्या दारव्ह्याच्या फळाची सहा-साडेसहा भावंडे एकत्र केली तर त्या एका फळाएवढी होतील!

असले फळ एका फुलातून होत नाही. कळी धरते त्या वेळी थंडी पडली तर कित्येकदा दोन, तीन, चार फुले एकमेकांना चिकटून एकच जाड फूल तयार होते. त्या जोडफुलाचे फळ म्हणजे अनेक फळांचे एकत्र कुटुंबच. म्हणून तर अंगावर फाका आणि बुडाशी व्रण. गंमत पाहा, थंडीचा हा त्रास झाडाने सोसला म्हणून फळ मोठे झाले, आणि त्याच त्रासाने ते वेडेवाकडेही झाले. पुढे ते पोसायचे तर झाडावरची बाकीची फळे काढून टाकावी लागतात, फळाला कापडाची झोळी बांधून आधार द्यावा लागतो, भर उन्हात सावली करावी लागते, आणि पाणी रोज सारखे द्यावे लागते. इतके करूनही शेवटच्या आठवड्यात साल तडकली की सारा हंगाम गेला. कारण झाडावर दुसरे फळच ठेवलेले नसते.

आता ताणाचे पाहू. पाणी कमी दिले तर भेदरे गोड होते, हे आम्ही प्रवचनात सांगितले ते खोटे नव्हते. शेतीचे जाणकारही तेच सांगतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात समुद्रकाठी काही शेतकरी रोप रुजल्यावर पुढे पाणी देतच नाहीत. त्यांची फळे लहान पण फार रुचकर होतात. मात्र आम्ही सांगितले ते अर्धेच होते. उरलेले अर्धे असे की, गोडी ताणातून जन्मत नाही. साखर पानात तयार होते, सूर्याच्या उजेडावर. ताणाने फळात पाणी कमी भरते, म्हणून आहे तीच साखर जिभेला अधिक जाणवते. घट्ट केलेल्या दुधाला गोडी जास्त लागते, त्यातलाच हा प्रकार. पुष्कळशी गोडी वाढलेली नसते. पाणी घटलेले असते.

आणि ताण मर्यादेबाहेर गेला की हेही थांबते. जमिनीत ओल उरली नाही की झाड पानांवरची बारीक छिद्रे मिटून घेते. पाणी वाचते खरे, पण त्याच छिद्रांतून आत येणारी हवाही बंद होते, आणि त्या हवेवाचून पानाला साखर करता येत नाही. पाने गुंडाळली जातात. झाड जिवंत दिसते, पण त्याची चूल विझलेली असते. अशा झाडापासून कोणती गोडी मागावी? कॅलिफोर्नियातल्या त्या शेतकऱ्यांचेही खरे भांडवल पाहिले पाहिजे. हिवाळ्याच्या पावसाची ओल धरून ठेवणारी जमीन आणि समुद्रावरून येणारे धुके, हे त्यांचे भांडवल. वरून पाणी बंद दिसते, पण खाली ठेव असते. ठेव आहे म्हणून ताण सोसतो.

शिवाय वेळेचाही प्रश्न आहे. वाफ्यातले रोप शेतात लावण्यापूर्वी काही दिवस पाणी कमी करतात. रोप कणखर होते, लावल्यावर तग धरते. हा ताण हिताचा. पण फुलाच्या वेळी तोच ताण दिला तर फुले गळतात. त्यात उन्हाने ३५ अंशांच्या वर पारा नेला आणि रात्रही गार पडली नाही, तर परागच दुबळा होतो आणि फूल फळ न धरताच झडते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो. म्हणून आपल्याकडे भेदरे हे थंडीचे पीक. फळ भरताना ताण पडला तर आणखी एक दुखणे येते. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो आणि फळ तिथून नासते. बाईंची फळे झाडावरच काळी पडली, ती बहुधा याच दुखण्याने.

या काळ्या डागाचे कारण आम्हांला कळले तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प बसलो. फळाच्या बुडाला चुना कमी पडला की हा डाग येतो. आणि आपली काळी जमीन तर चुनखडीने भरलेली! नांगराच्या तासात पांढरे खडे वर येतात. मग कमी का पडावा? कारण चुना आपल्या पायांनी चालत नाही, पाण्याबरोबर जातो. पाणी तुटले, ऊन-वारा वाढला, की जे थोडे पाणी मुळाने ओढले ते पानेच घेतात. देठापासून सर्वांत दूर असलेले फळाचे बूड उपाशी राहते. जमिनीत भरपूर आहे, पण शेवटच्या टोकाला पोचत नाही. वाचकहो, ही केवळ भेदऱ्याची गोष्ट आहे काय? गावात धान्य असते, पेठेत पैसा असतो, सरकारी दप्तरात योजना असतात. वाहून नेणारा ओलावा आटला की सर्वांत टोकाचा माणूस आधी काळा पडतो. त्याला "तुझ्या कर्मात नव्हते" असे सांगणे म्हणजे जमिनीत चुना नव्हता असे सांगण्यासारखे आहे.

आणखी एक. फार दिवस ताण बसलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिले तर काय होते? कोरड्या दिवसांत साल कडक झालेली असते. आतला गर झपाट्याने फुगतो आणि फळ तडकते. जितके फळ मोठे तितकी तडक मोठी. म्हणजे उशिराची आणि एकदम ओतलेली मदतही घात करते. पाणी वेळेवर पाहिजे, थोडे थोडे पाहिजे, रोज पाहिजे.

येथवर आल्यावर आम्हांला आमच्याच मुलखातील एक जुनी रीत आठवली आणि बाईंच्या प्रश्नाचा उलगडा होऊ लागला. ती रीत संत्र्याच्या बागेची. अमरावती-नागपूरकडे आणि आपल्या जिल्ह्यातही ठिकठिकाणी संत्र्याच्या बागा आहेत. बहार धरायचा असला की बागाईतदार झाडाला मुद्दाम ताण देतो. मृग बहारासाठी उन्हाळ्यात, आंबिया बहारासाठी ऐन थंडीत पाणी बंद करतो. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, थोडी गळतात. मग एके दिवशी तो ताण तोडतो. पाणी मिळताच विसावलेले झाड फुलांनी लगडून जाते. ज्याने हे पाहिले तो ताणाला वाईट म्हणणार नाही.

पण बागाईतदार हे कसे करतो ते बारकाईने पाहा. पहिली गोष्ट, तो आपली जमीन ओळखतो. हलक्या जमिनीत ताणाचे दिवस कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त. सगळ्यांना एकच माप तो लावीत नाही. दुसरी गोष्ट, तो झाड पाहून ताण देतो. रोगट, अशक्त झाडाला आणि कोवळ्या कलमाला तो ताणाचे नाव काढीत नाही. तिसरी गोष्ट, ताण दिल्यावर तो घरी झोपत नाही. रोज बागेत फिरतो, पान हातात घेऊन पाहतो. फार झाले तर फांद्या वाळतात, सल वाढते, हे त्याला ठाऊक असते. चौथी गोष्ट, आणि हीच सर्वांत मोठी: ताण देण्यापूर्वी तो विहिरीत वाकून पाहतो. ताण तोडण्यापुरते पाणी शिल्लक आहे ना, याची खात्री झाल्यावरच तो पाट बंद करतो. आणि तोडतानाही पहिले पाणी हलके देतो, एकदम पाट फोडीत नाही.

ज्याच्या विहिरीत पाणी आहे, त्यानेच ताण द्यावा. विहीर कोरडी असताना जे येते त्याचे नाव ताण नव्हे. त्याचे नाव दुष्काळ. दोन्हींत झाड सारखेच मलूल दिसते, म्हणून आम्ही फसलो. प्रवचनाच्या भरात आम्ही दुष्काळालाच ताण म्हटले, आणि बाईंनी चूक नेमकी दाखवली: ताण असेल तर तोडणारा कुठे आहे?

आता कोणी म्हणेल, "बुवा, तुम्ही तर देवालाच कचेरीत उभे केले. सर्व त्याच्या इच्छेने चालते ना? मग दुष्काळही त्याचाच ताण, आणि तोडणाराही तोच." हा आक्षेप हलका नाही. आम्हीही त्याच भरवशावर जगतो. परंतु देवाच्या मनातला हिशेब आपल्या हाती दिलेला नाही. कोणाला किती दिवस, कशासाठी, हे आपण जाणत नाही. जे आपण जाणत नाही ते दुसऱ्याच्या कोरड्या विहिरीच्या काठावर उभे राहून खात्रीने सांगणे ही भक्ती नव्हे. ते त्याच्या दुःखाचे आपल्या सोयीसाठी लावलेले स्पष्टीकरण आहे. ते सांगितले की आपल्याला पुढे काही करावे लागत नाही, हीच त्यातली खरी सोय.

मग संकटाने माणूस गोड होतो हे खोटे काय? तुकोबांचेच पाहा. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात घोर दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यापार बुडाला, असे चरित्रकार सांगतात. त्याच दुष्काळाविषयी तुकोबा पुढे देवाचे आभार मानतात. त्या पीडेने प्रपंचाची ओढ तुटली म्हणून. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. एक, हे ते स्वतःच्या दुष्काळाविषयी म्हणतात, शेजाऱ्याच्या नव्हे. दोन, शेजाऱ्याच्या दुष्काळात त्यांनी काय केले? घराण्याकडे लोकांची कर्जखते होती. आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. "कर्जाने तुमचे वैराग्य वाढेल" असे त्यांनी ऋणकोला सांगितले नाही. स्वतःच्या ताणातून गोडी, दुसऱ्याच्या ताणाला पाणी. एकाच माणसाची ही दोन मापे, आणि दोन्ही खरी.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळात बादशहाची कोठारे त्यांच्या ताब्यात होती. दाराशी उपाशी माणसे आली. भूक माणसाला पावन करते, यावर पंतांना सुंदर निरूपण करता आले असते. तेवढी विद्वत्ता त्यांच्यापाशी होती. त्यांनी कुलूप काढले. पुढे काय व्हायचे ते होवो म्हणाले आणि धान्य वाटले. आणि पांडुरंग विठू महार होऊन धावला तो या कुलूप काढणाऱ्यासाठी, ही गोष्ट आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितली. पण त्या दुपारी ती आठवली नाही!

तर मग ताण कोणी द्यावा? आमचे उत्तर असे. ताण ज्याचा त्याने स्वतःला द्यावा. एकादशीचा उपास हा ताणच. पण द्वादशीचे पारणे ठरलेले आहे. आषाढीची पायी वारी हा ताणच. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते तिच्याबरोबर चालणाऱ्याच्या पायांना फोड येतात. पण वाटेवर गावोगाव मुक्काम आहे, कोणी भाकरी घेऊन उभा आहे, कोणी पाण्याचा हंडा घेऊन उभा आहे. हंडा घेऊन उभा असलेला माणूस वारकऱ्याला थांबवून तहानेचे माहात्म्य सांगत नाही. तो पेला भरतो. आईबापांनी मुलाला, गुरूने शिष्याला ताण द्यावा, पण बागाईतदाराच्या चारही अटी पाळून: ओळखून, पाहून, रोज जवळ राहून, आणि तोडण्याचे पाणी हाताशी ठेवून. जिथे या अटी पुऱ्या होत नाहीत, तिथे दुसऱ्याचे दुःख दिसले की आपले काम एकच, पाणी नेणे.

आपल्या जिल्ह्याला हे अधिक लागू आहे. या मातीत कोरडवाहू शेतकरी वर्षाचा सगळा भार बहुतेक कापसासारख्या एका पिकावर टाकतो. एका झाडावर एकच फळ राखणाऱ्या हौशी माणसासारखीच त्याची गत; फरक इतका, की त्याची हौस नाही, निरुपाय आहे. ते एक फळ तडकले की झाडावर दुसरे काही नसते. महागाव तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी आपली जीवनयात्रा संपवली. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला महाराष्ट्रात अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करतात. हाही ताणच, पण स्वतःला दिलेला. ज्यांचा ताण कोणी तोडला नाही, त्यांची आठवण बुजू नये म्हणून दिलेला. आम्हांला तो एकादशीच्या पंक्तीचा वाटतो. मात्र उपास करून उठल्यावर शेजारच्या घरी चूल पेटली का, हे पाहिले नाही, तर तो निम्माच राहिला.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या आधी, आम्ही त्या बाईंचे घर विचारत गेलो. अंगणात वाळलेल्या झाडांच्या काड्या सरपणासाठी रचल्या होत्या. आम्ही म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी चुकलो. तो ताण नव्हता." त्या थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा बुवा, पानी आनतो." आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

विहीर आटलेल्या घरात आम्हांला आधी पाणी मिळाले. ते पिताना जे कळले ते कोणत्याही दृष्टांतात बसत नव्हते. पुढल्या माघात त्या गावी पुन्हा सेवा आहे. भेदऱ्याचा दृष्टांत आम्ही पुन्हा देणार आहोत, या वेळी पुरा. आणि त्याआधी गावकऱ्यांना विचारणार आहोत, की सप्ताहाच्या पंगतीतून काही वाचले, तर त्यातून कोणाच्या विहिरीचा गाळ काढता येईल.

रामकृष्णहरि.